फकिरा (चित्रपट)

अण्णाभाऊ साठे यांच्या 'फकिरा' (१९५९) या कादंबरीवर कुमार चंद्रशेखर यांनी दिग्दर्शित केलेला मराठी चित्रपट (१९६३). अमेरिकी वेस्टर्न चित्रपटांमध्ये पिस्तूलबाजाची दंतकथा असते. वारणाकाठच्या फकिरा या बंडखोराच्या हाती मात्र तलवार आहे. मांग समाजातला हा नायक ऐतिहासिक आहे. दुष्काळात भुकेल्या वस्तीसाठी तो इंग्रजांचा खजिना लुटतो. त्याला गुन्हेगार कोण ठरवते, हाच कथेचा खरा पेच. फकिरा अण्णाभाऊंच्या वाटेगाव परिसरातलाच, त्यामुळे ऐकीव आठवणींची ऊब मूळ कथानकाला आहे. कादंबरीला १९६१ मध्ये राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. अण्णाभाऊंच्याच कथानकावरचा 'वारणेचा वाघ' (१९७०) हा चित्रपटही याच जातकुळीतला. पडद्यावरच्या फकिरापेक्षा कादंबरीतला अधिक धगधगता वाटतो.