दमसासाची कहाणी

आपल्या मराठीत धावण्याला फारशी प्रतिष्ठा नाही. ‘धावपळ’ म्हटले की लग्नघर डोळ्यांपुढे येते आणि ‘धावाधाव’ म्हटले की घरातले आजारपण. देवसुद्धा आपल्याकडे धावतो तो भक्तावर संकट कोसळले म्हणजेच! पोटापाण्याचा संबंध नसताना, पाठीमागे कुत्रे लागलेले नसताना, केवळ हौस म्हणून एखाद्याने दहा मैल धावावे आणि घामाने निथळत पण हसतमुखाने घरी परतावे, ही गोष्ट आपल्या पणजोबांना मुळीच पटली नसती. मराठेशाहीत जासूद धावत, पुढे इंग्रजी अमलात टपालाचे हलकारे घुंगरांची काठी घेऊन रानवाटा तुडवीत. परंतु ती चाकरी होती. दम त्यांच्यापाशी होता. हौसेची चौकशी त्यांच्याकडे कुणी केली नाही.

मी उभी हयात शाळेत इतिहास शिकविला. क्रीडादिनाला मैदानावर घड्याळ धरून उभे राहण्याचे कामही बहुधा माझ्याकडेच येई. लांबची शर्यत निघाली की पहिल्या दोन फेऱ्यांतच दहा-बारा मुले पोटाला हात लावून बाजूला बसत आणि भोवतालची वडीलधारी मंडळी तत्काळ निकाल देऊन टाकीत, “याच्यात दमच नाही हो!” जणू दम म्हणजे नाकडोळ्यांसारखी जन्माबरोबर येणारी वस्तू. हा निकाल खरा की खोटा, हे मला इतिहासालाच विचारावेसे वाटले. पुढची कहाणी त्या विचारपुशीतून निघालेली आहे.

हौशी माणसाच्या लांब धावण्याचा जगजाहीर आरंभ १८९६ सालचा, अथेन्सचा. पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमधली मॅरॅथॉन सुमारे ४० किलोमीटरांची होती. ती स्पिरिदोन लुइस या ग्रीक पाणक्याने २ तास ५८ मिनिटे ५० सेकंदांत जिंकली. आज रूढ असलेले ४२.१९५ किलोमीटरांचे अंतर १९०८ साली लंडनला, शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू करावयाची म्हणून पडले, आणि १९२१ साली ते कायम झाले. तोपर्यंत हे अंतर जागेजागी निराळे असे.

मधल्या काळात या कहाणीत आपले पुणे येते. १९१९ साली डेक्कन जिमखान्याच्या मैदानी शर्यतींना जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा उपस्थित होते. विलायतेत शिकताना मैदानी खेळांची गोडी लागलेले हे गृहस्थ. धावायला आलेली मुले बहुतेक शेतकऱ्यांची. अंगात राबण्याचा कस होता, पण खाणे बेताचे, पाय अनवाणी आणि युरोपातील नियमांचा वा शिक्षणाचा गंधही नाही. अशा मुलांनी खडबडीत जमिनीवर केलेल्या वेळा परदेशांतील वेळांच्या तोडीच्या आहेत, हे दोराबजींच्या जाणत्या नजरेने टिपले. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांचे साहाय्य मिळाले आणि १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला हिंदुस्थानचा लहानसा संघ गेला.

त्या संघात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. अँटवर्पची मॅरॅथॉन ४२,७५० मीटरांची, म्हणजे ऑलिंपिकच्या इतिहासातील सर्वांत लांब. फिनलंडचा हान्नेस कोलेमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत पहिला आला. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत एकोणिसावे आले. अठरा मिनिटांचे हे अंतर पाहून कुणी नाक मुरडील; पण परक्या मुलुखात, परक्या रस्त्यावर हा पराक्रम करणाऱ्या माणसापाशी दम नव्हता, असे कोण म्हणेल? त्या मुलांपाशी कमतरता होती ती त्या दमाची पद्धतशीर मशागत सांगणाऱ्याची. आणि खरे सांगायचे तर तशी मशागत सांगणारा त्या काळी युरोपातही विरळाच होता. फार धावल्याने हृदय फुगते, माणूस लवकर झिजतो, म्हणून शर्यतीपुरतीच शक्ती राखून ठेवावी, असा समज भल्याभल्यांचा होता.

या समजाला पहिले मोठे धक्के दिले ते फिनलंडच्या पावो नुर्मीने आणि त्यानंतर चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने. झाटोपेक हा झ्लीन गावातल्या बाटाच्या जोड्यांच्या कारखान्यातला कामगार. कारखान्यानेच त्याला शर्यतीत उतरविले, त्याची स्वतःची इच्छा नसताना! पुढे सैन्यात असताना तो चारशे मीटरांचा तुकडा जोराने धावायचा, थोडे सावकाश धावून श्वास घ्यायचा आणि पुन्हा तेच, असे कितीतरी वेळा करी. १९५२ साली हेलसिंकीला त्याने ५,०००, १०,००० मीटर आणि मॅरॅथॉन अशी तीन सुवर्णपदके जिंकली. त्यांतली मॅरॅथॉन तर आयुष्यातली पहिलीच. परंतु झाटोपेकची वाट जहाल होती. ती पाहून सामान्य माणूस टाळ्या वाजवील, मागून जाणार नाही.

सामान्य माणसाची वाट सापडली ती न्यूझीलंडमध्ये, ऑकलंड शहरात. आणि योगायोग पाहा, ती शोधणाराही जोड्यांच्या कारखान्यातच काम करणारा होता. आर्थर लिडियार्ड त्याचे नाव, जन्म १९१७ चा. तरुणपणी रग्बी खेळलेला, स्वतःला धडधाकट समजणारा हा गडी. साधारण १९४५ च्या सुमारास जॅक डोलन नावाच्या वयाने मोठ्या स्नेह्याने त्याला पाच मैल धावायला नेले. आर्थरची फुप्फुसे फाटायची वेळ आली. सत्ताविशीत ही गत, तर सत्तेचाळिसाव्या वर्षी काय होईल, हा प्रश्न त्याच्या मनाला लागला तो कायमचा.

मग त्याने स्वतःचे शरीर हीच प्रयोगशाळा केली. दिवसा कारखाना, संसाराला जोड म्हणून दूध टाकण्याचे काम, आणि उरल्या वेळात धावणे. काही आठवडे अगदी थोडे, काही आठवडे दोनशे मैलांच्याही वर. जोरात धावून पाहिले, सावकाश धावून पाहिले, आणि काय होते ते नोंदवीत गेला. अनेक वर्षांच्या या खटाटोपातून निघालेले सूत्र असे : आधी लांब पण झेपेल अशा वेगाने, आठवड्याला सुमारे शंभर मैल धावून दमाचा पाया घालावा. मग काही आठवडे चढांवर उड्या घेत धावून पायांत बळ आणावे. वेग सर्वांत शेवटी, शर्यत जवळ आल्यावर. आपल्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. नांगरट, कुळवणी, पेरणी यांचा क्रम बदलला तर पीक येत नाही, हे त्याला ठाऊकच असते. १९५३ आणि १९५५ साली लिडियार्ड स्वतः न्यूझीलंडचा मॅरॅथॉन विजेता झाला.

त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे त्याच्या आसपासची पोरे. घराशेजारची, गल्लीतली, क्लबातली मुले त्याच्यामागे धावू लागली. दर रविवारी वायातारुआच्या डोंगराळ वाटेने बावीस मैल, हा त्यांचा नेम. त्यांत मरी हॅलबर्ग होता. रग्बी खेळताना झालेल्या दुखापतीने त्याचा डावा हात लुळा पडलेला. पीटर स्नेल होता. त्याची शर्यत ८०० मीटरांची, पुरती दोन मिनिटांचीही नव्हे. त्यालाही बावीस मैल! लोक हसत असतील तर नवल नाही.

२ सप्टेंबर १९६० रोजी रोमला हे हसणे थांबले. स्नेलने ८०० मीटर १ मिनिट ४६.३ सेकंदांत जिंकले. त्याच दिवशी, त्याच मैदानावर, थोड्याच वेळाने हॅलबर्गने ५,००० मीटरच्या शर्यतीत तीन फेऱ्या उरल्या असताना मुसंडी मारली आणि शेवटपर्यंत आघाडी सोडली नाही. रेघ ओलांडून तो गवतावर कोसळला तेव्हा फीत त्याच्या हातात होती. आठ दिवसांनी मॅरॅथॉनमध्ये त्यांचाच बॅरी मॅगी तिसरा आला. ती शर्यत इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने अनवाणी पायांनी जिंकली, हे वाचताना मला पुण्याच्या मैदानावरच्या त्या शेतकरी पोरांची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. पुढे डिसेंबर १९६१ मध्ये स्नेलने एक पूर्ण मॅरॅथॉन पार केली आणि २७ जानेवारी १९६२ ला वाँगानुई येथे गवताच्या मैदानावर ३ मिनिटे ५४.४ सेकंदांत मैल धावून जागतिक विक्रम केला!

हे घडते कसे? सावकाश लांब धावण्याने हृदय दर ठोक्याला अधिक रक्त ढकलू लागते. स्नायूंत सूक्ष्म केशवाहिन्यांचे जाळे दाट होते. पेशींतल्या शक्ती निर्माण करणाऱ्या कणिका वाढतात. या गोष्टी आठवड्या-महिन्यांच्या सवडीने होतात, घाईने होत नाहीत. पीटर स्नेल पुढे अमेरिकेत शिकून व्यायामशास्त्राचा संशोधक झाला.

मात्र एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. गल्लीतला प्रत्येक मुलगा स्नेल होत नसतो. निसर्गाने त्याला काही अधिक दिले होते, यात शंका नाही; आणि शंभर मैलांचा आठवडा गृहस्थाश्रमी माणसासाठी नव्हे. खुद्द लिडियार्डलाही हे कळत होते. १९६२ च्या सुमारास त्याने ऑकलंडमध्ये पोट सुटलेल्या, काही हृदयविकारातून उठलेल्या मध्यमवयीन मंडळींना हळूहळू धावायला लावले. नियम एकच : शेजाऱ्याशी बोलता येईल इतपतच धावायचे, ताण द्यायचा नाही. अमेरिकेतील ओरेगॉनचे शिक्षक बिल बॉवरमन हे पाहायला आले आणि सत्तरी ओलांडलेला एक म्हातारा आपल्याला मागे टाकतो, हे पाहून चकित झाले. १९६७ साली त्यांनी या विषयावर पुस्तक लिहिले आणि जॉगिंगचे वेड अमेरिकाभर पसरले. आपल्याकडे पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरॅथॉन १९८३ साली सुरू झाली, मुंबईची २००४ साली. १९८४ पर्यंत ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना मॅरॅथॉन नव्हतीच. त्याच आपल्या मातीतून पुढे नाशिककडच्या कविता राऊत आणि साताऱ्याकडच्या ललिता बाबर निघाल्या.

निवृत्तीनंतर मीही हा नेम धरून पाहिला. आरंभी दिव्याच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत धावायचे, पुढचा खांब चालायचा. शेजारचा मुलगा विचारी, “काका, कुणाच्या मागे लागलात?” सौभाग्यवतींनी तर पहिल्या आठवड्यात अमृतांजनाची नवी बाटलीच आणून ठेवली. चार महिन्यांनी मी न थांबता तीन मैल धावू लागलो आणि वाटेत गप्पाही मारू लागलो. विक्रम नव्हे, पण शाळेच्या मैदानावर ऐकलेल्या त्या निकालाला माझ्यापुरते उत्तर मिळाले. काही दम जन्माने मिळतो हे खरे. परंतु पुष्कळसा दम कमवावा लागतो आणि तो कमावता येतो. पहिल्या दोन फेऱ्यांत बसलेल्या मुलाला ‘तुझ्यात दम नाही’ असे सांगण्याऐवजी ‘उद्या जरा हळू धाव’ एवढेच सांगितले असते, तर आपल्या गावोगावच्या मैदानांवरून आणखी किती चौगुले निघाले असते, याचा हिशेब कुणी मांडावा!

असो. दिवाळी सरता सरता हवेत गारवा येतो. धावायला आरंभ करण्यास याहून चांगला मोसम नाही. फराळाचे डबे रिकामे झाले की घरातल्या मुलांना आणि झेपेल त्या वडीलधाऱ्यांना घेऊन एकदा पहाटे बाहेर पडावे, खांब मोजावे, आणि बोलता येईल इतकेच धावावे.