भोवरा, पंख आणि ९७ माणसं

विमानात खिडकीशी बसलात की पंखाचं टोक जरा वरखाली होताना दिसतं. घाबरू नका, पंख लवचीकच असावा लागतो. पण हे हलणं हाताबाहेर गेलं तर? त्याला म्हणतात फ्लटर. पंख वाकतो, पिळतो आणि वारा ती थरथर शमवायचं सोडून तिला आणखी जोर देत राहतो. झोक्याला नेमक्या वेळी धक्का द्यावा ना, अगदी तसं. मग काही सेकंदांत पंख तुटू शकतो.

२९ सप्टेंबर १९५९. अमेरिकेत टेक्सासमधल्या बफेलो गावाजवळ लॉकहीड इलेक्ट्रा हे नवंकोरं विमान हवेतच मोडलं. डावा पंख तुटला होता. ३४ जण गेले. कारण हाती लागायच्या आतच, १७ मार्च १९६० ला, इंडियानात टेल सिटीजवळ दुसरी इलेक्ट्रा पडली. यावेळी उजवा पंख. ६३ जण गेले.

सगळी इलेक्ट्रा विमानं जमिनीवर उतरवा, अशी मागणी झाली. विमान वाहतूक खात्याचे प्रमुख एलवूड क्वेसाडा यांनी ती मानली नाही. वेगावर मर्यादा घातली आणि विमानं उडतच राहिली. म्हणजे बघा, लोक रोज त्याच विमानात बसत होते आणि कारण शोधायचं काम चालू होतं!

नेमका त्याच वर्षी व्हर्जिनियात नासाच्या लँग्ले केंद्रात एक खास पवनबोगदा तयार झाला होता: ट्रान्सॉनिक डायनॅमिक्स टनेल. आवाजाच्या वेगाच्या आसपास पंखावर धक्कालहरी उठतात आणि फ्लटरचा धोका वाढतो, म्हणून तो बांधलेला. यात हवेऐवजी फ्रिऑन वायू भरायचे. का? त्यात आवाजाचा वेग हवेतल्यापेक्षा निम्माच असतो, त्यामुळे पंख्याला कमी ताकद लागते. शिवाय वायू जड, म्हणून मॉडेलही जरा वजनदार, मजबूत करता येतं. आणि मॉडेल तुटलंच, तर तुकडे पंख्यात जाऊ नयेत म्हणून जाळी.

इलेक्ट्रा काही इतकी वेगवान नव्हती. पण प्रश्न जिवाचा होता, म्हणून या बोगद्यात तिचं आठपट लहान मॉडेल आणलं. इंजिनांची पकड मजबूत ठेवली, तेव्हा सगळं ठीक. बाहेरच्या इंजिनाची पकड ढिली केली, आणि चोर सापडला! थकलेला भोवरा कसा डोलायला लागतो? तसं फिरत्या प्रोपेलरसकट इंजिन गोल डोलू लागलं. डोलणं वाढलं तशी त्याची गती मंदावली, पंखाच्या स्वतःच्या थरथरीशी जुळली, आणि पंख त्यात ओढला गेला. याचं नाव व्हर्ल फ्लटर.

मग इंजिनांची पकड आणि पंख मजबूत केले, वेगमर्यादा उठली आणि इलेक्ट्रा पुढे कित्येक वर्षं उडाली. ओझोनमुळे १९९० च्या दशकात फ्रिऑन जाऊन दुसरा वायू आला, पण बोगद्याचं काम थांबलं नाही.

मला मात्र एक गोष्ट टोचत राहते. इंजिन असं डोलू शकतं, हे १९३८ मध्येच कागदावर मांडलं गेलं होतं. तेव्हाच्या विमानांना त्याचा त्रास नव्हता, म्हणून कुणी फारसं मनावर घेतलं नाही. ९७ माणसं गेल्यावर तो कागद पुन्हा उघडला गेला.

पुढच्या वेळी खिडकीतून पंख हलताना दिसला, की ही गोष्ट आठवा. भेटू पुढच्या भागात!