मराठी पुरुषवेष आणि व्यक्तीची आवड

मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांपैकीं बखरी, पत्रें, सनदा, महजर व शकावल्या यांची छाननी पुष्कळ झाली आहे. वेषाकडे मात्र संशोधकांची दृष्टि बहुधा चित्रावरील नांव ठरविण्यापुरतीच वळते. पगडी अमुक घाटाची, तेव्हां इसम अमुक जातीचा. अंगरखा अमुक तऱ्हेचा, तेव्हां काळ अमुक. एवढें झालें कीं वेषाचें काम संपलें असें समजण्याची चाल आहे. प्रस्तुत लेखांत आम्हांस निराळा प्रश्न विचारावयाचा आहे. कोणी काय ल्यावें हें जेथें जन्म, पद आणि धनी यांनीं बहुतेक ठरविलेलें होतें, तेथें एखाद्या पुरुषाचा वेष त्याचा स्वतःचा कितपत होता, आणि तो तसा होता हें आज कशावरून ओळखावें? हा प्रश्न केवळ हौसेचा नाहीं. निनांवी चित्रांस नांवें देण्याचें जें काम संग्राहकांस नित्य करावें लागतें, त्याचा खरेखोटेपणा बऱ्याच अंशीं याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

प्रथम वस्त्र व पद यांचा संबंध पाहूं. बाळाजी विश्वनाथास १७१३ सालीं, थोरल्या बाजीरावास १७२० सालीं, नानासाहेबास १७४० सालीं व माधवरावास १७६१ सालीं पेशवाईचीं 'वस्त्रें' मिळालीं, असें आपण लिहितों. येथें वस्त्रें या शब्दाचा अर्थ कापड नसून अधिकार असा आहे. शिरपाव हा शब्दहि तेंच सांगतो. डोक्यापासून पायांपर्यंतचा मनुष्य धन्यानें आपल्या देणगीनें झांकावा, असा त्यांतील भाव. तिवट, शेला, जामेवार, किनखाब यांची जी मोजदाद कागदांत येते, ती घेणाराच्या मानाची मोजदाद होय. त्याची आवड तेथें कोणी विचारलेली नाहीं. यावरून पहिला नियम असा निघतो कीं, दरबारी पोषाखांतील चित्रावरून त्या पुरुषाचा दर्जा कळेल, परंतु स्वभाव कळेलच असें नाहीं.

मग स्वतःची अशी ढब कोठें शोधावी? आमच्या मतें ती वस्त्रापेक्षां तें बांधण्याच्या रीतींत अधिक सांपडते. पागोटें, पटका, फेटा, मंदील हीं सर्व मूळचीं लांब कापडें. सभासदानें अफझलखानाच्या भेटीच्या प्रसंगीं शिवाजी महाराजांचा वेष सांगतांना मंदिलाचा उल्लेख केला आहे, तो अशाच बांधण्याच्या वस्त्राचा. असें कापड रोज नव्यानें बांधावें लागतें. पहिला वेढा कपाळावर किती खालीं घ्यावा, पेंच सैल ठेवावे कीं आंवळून बसवावे, शेवटचा पदर आंत खोंवावा कीं पाठीवर मोकळा सोडावा, हें बांधणाराचे हात ठरवितात. चंदेरीचें एकच तलम पागोटें दोघां भावांनीं बांधिलें, तरी दोन डोकीं दोन तऱ्हेचीं दिसावयाचीं.

पगडीचें तसें नाहीं. ती पगडबंदानें सांच्यावर बांधून, टांके घालून तयार केलेली असते. धनी ती नुसती उचलून डोक्यावर ठेवितो. त्यामुळें सकाळचा वेळ वांचला, पण हातांचें स्वातंत्र्य गेलें. आकार कायम झाला आणि त्या आकारास पुण्याची, शिंदेशाही, होळकरी अशीं नांवें पडलीं. १८८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या पुणें जिल्ह्याच्या गॅझेटिअरांत लोकांच्या पोषाखाचें वर्णन जातवार येतें, तें अशा स्थिर झालेल्या वेषामुळेंच शक्य झालें. येथें संग्राहकांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. शिरोभूषण जितकें ठराविक, तितकी त्यावरून जात वा संस्थान ओळखणें सोपें, आणि तितकेंच व्यक्ति ओळखणें अवघड. शिवाय हा ठराविकपणा हळूहळू आलेला आहे. १७४० सालीं वारलेल्या बाजीरावाच्या मस्तकीं एकोणिसाव्या शतकांतील सांचेबंद पगडी दिसली, तर तें चित्र समकालीन मानूं नये. चित्रकारानें आपल्या काळची पगडी पूर्वजास घातली, एवढेंच त्यावरून सिद्ध होतें.

आतां ज्या चित्रांचा काळ व कर्ता निश्चित आहे, त्यांकडे वळूं. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ सालीं मुंबईस आला व पुढें मॅलेटच्या आश्रयानें पुण्यास राहिला. त्यानें १७९२ सालीं काढिलेलें सवाई माधवराव व नाना फडणीस यांचें चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रहीं आहे. त्यांत अठरा वर्षांच्या पेशव्याच्या अंगावर मोत्यें व रत्नें आहेत. जवळच बसलेल्या नानांचा वेष त्या मानानें अगदीं साधा आहे. नानांस दागिन्यांची वाण होती असें कोणी म्हणणार नाहीं. राज्याचीं सर्व सूत्रें ज्याच्या हातीं, त्यानें धन्याशेजारीं बसतांना झगमगाट धन्याकडे राहूं द्यावा, ही निवड होय. साधेपणा ही जेव्हां गरज नसते, तेव्हांच ती ढब होते.

याच वर्षीं महादजी शिंदे बादशहाकडील वकील-इ-मुतलकीचीं वस्त्रें घेऊन पुण्यास आला. पेशव्यापुढें येतांना त्यानें बगलेंतील गांठोडें सोडून नव्या जोड्यांचा जोड पुढें ठेविला व हेंच आपलें वडिलार्जित काम असें म्हटलें, ही हकीकत इंग्रज इतिहासकारांनीं नोंदविली आहे. उत्तर हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या सरदाराची ही नम्रता कोणी कावा म्हणतील, कोणी निष्ठा म्हणतील. आमच्या दृष्टीनें महत्त्वाचें एवढेंच कीं, बोलावयाचें तें त्यानें पोषाखाच्या एका जिनसेच्या द्वारें बोलून दाखविलें, आणि तें पाहणारांस तत्काळ समजलें.

चित्रांचा आधार घेतांना दोन सावधगिऱ्या अवश्य आहेत. पहिली चित्रकाराविषयीं. मॅलेटच्या पुणें दरबाराचें थॉमस डॅनिएलकृत प्रसिद्ध चित्र १८०५ सालचें आहे; तें वेल्सच्या मरणोत्तर त्याच्या रेखाटनांवरून रचिलें. तेव्हां त्यांतील प्रत्येक पेंच व बंद प्रत्यक्ष पाहून काढिलेला आहे असें धरून चालूं नये. दुसरी छाप्याविषयीं. जाम्याचे बंद हिंदु सामान्यतः डाव्या बाजूस व मुसलमान उजव्या बाजूस बांधीत, हें प्रमाण चित्रें ओळखण्यास उपयोगी पडतें. परंतु ताम्रपटावर जसें कोरावें त्याच्या उलट कागदावर उमटतें. कोरणारानें तें लक्षांत घेतलें नसेल, तर छापील चित्रांत बंद सहज उलट्या बाजूस जातात. याकरितां मूळ चित्र पाहिल्यावांचून बंदांवरून निर्णय देऊं नये. वा. सी. बेंद्रे यांनीं १९३३ सालीं डच मूळाचें अस्सल चित्र पुढें आणीपर्यंत एका मुसलमान सरदाराचें चित्र शिवाजी महाराजांचें म्हणून महाराष्ट्रांत चालत होतें, याचा विसर पडूं देऊं नये.

इंग्रजी अमलांत या प्रश्नास निराळें वळण लागलें. वस्त्रें देणारा धनी गेला, बाजारांत परदेशी कापड व कोट आले, आणि काय घालावें हा विचार प्रत्येकास करणें भाग पडलें. तेव्हां कित्येकांनीं पगडीखालीं लांब कोट घातला. टिळकांनीं पगडी, अंगरखा व उपरणें हाच वेष आपली खूण केली. पूर्वी जो शहराचा व वर्गाचा वेष होता, तो त्यांच्या अंगावर एका पुरुषाचा झाला. १८८८ सालीं ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ पुण्यांत झालेल्या समारंभास जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेषांत गेले आणि जमलेल्या भरजरी मंडळीवरून देशाची पारख करूं नये, असें त्यांनीं पाहुण्यास बजावलें. डिसेंबर १९२७ मध्यें महाडास डॉ. आंबेडकरांनीं अस्पृश्य स्त्रियांस, ज्यावरून जात ओळखूं येईल असें नेसणें व तसे दागिने टाकून देण्यास सांगितलें. ते स्वतः कोट, पाटलोण व गळपट्टा या वेषांत वावरले. या तिघांचे मार्ग भिन्न. एकानें परंपरेचा वेष आपलासा केला, दुसऱ्यानें गरिबाचा वेष श्रीमंतांच्या सभेंत नेला, तिसऱ्यानें जन्मानें नेमून दिलेला वेष नाकारिला. पण वेष हा नेमून दिलेला नसून पत्करलेला असावा, हें तिघांच्याहि वर्तनांत समान आहे. ज्यांस नीट कापड वापरण्याचीहि मोकळीक नव्हती, त्यांच्या बाबतींत ही निवड म्हणजे माणुसकीचाच दावा होता.

तात्पर्य, वेषावरून जात, पद व काळ ठरवून आपण थांबलों तर निम्मेंच साधन वाचिलें असें होतें. उरलेला निम्मा भाग बांधणींत, गाळलेल्या दागिन्यांत व नाकारलेल्या वस्त्रांत आहे. तो चित्रांत थोडा आणि घरगुती कागदांत अधिक मिळेल. पेशवे दप्तराचे ४५ भाग १९३० पासून छापले गेले, तरी घराण्यांच्या रुमालांतील पुष्कळ कागद अद्याप तसेच आहेत. त्यांत जामदारखान्याच्या याद्या, लग्नांतील आहेरांचे जाबते, शिंप्याचे व पगडबंदाचे हिशेब, नागपुरी धोतरजोडे किंवा पैठणी जर मागविणारीं पत्रें असतात. राजकारण नाहीं म्हणून हेच कागद प्रथम रद्दींत जातात. अमक्यास कांठ अरुंदच हवा, तमक्यानें आलेलें पागोटें रंग भडक म्हणून परत केलें, अशी एखादी ओळ त्यांत निघाली, तर तिची किंमत एखाद्या शिक्कामोर्तबाच्या कागदाहून कमी समजूं नये. मोठमोठ्या सनदांनीं त्या पुरुषास काय दिलें गेलें हें कळतें. त्यानें स्वतः काय निवडलें, हें या ओळीवरून कळेल. ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील, त्यांनीं ते वेगळे न काढतां मूळच्या रुमालांतच ठेवावे, त्यांची तारीखवार टिपणें करावीं आणि चित्रास नांव देण्यापूर्वीं तीं चित्राशेजारीं ठेवून पहावीं, अशी आमची विनंती आहे.