आजोबांची डीव्हीडी आणि दोन कुलपं

२००४ च्या डिसेंबरमध्ये साताऱ्यात आमच्या आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन झालं. न्यू जर्सीची आत्या येऊ शकली नाही. तिचं ग्रीन कार्डाचं काम अर्ध्यावर होतं, आणि देशाबाहेर पडलं तर परत येता येईल याची खात्री नव्हती. म्हणून शूटिंगवाल्याकडून सगळा समारंभ टिपून घेतला, त्याची डीव्हीडी केली आणि कुरियरने तिला पाठवली. त्यात शेवटी आजोबा कॅमेऱ्याकडे बघून दोन मिनिटं फक्त तिच्याशी बोलले होते. पंधरा दिवसांनी तिचा फोन आला, "पाहिली हो बाबा, फार छान झालीये."

तिने ती पाहिलीच नव्हती. हे मला कळलं २००७ मध्ये, तिच्या घरी गेलो तेव्हा. आजोबा जाऊन वर्ष झालं होतं.

डिस्क घातली की तिचा प्लेअर 'ही चालणार नाही' असं सांगून गप्प बसायचा. काकांनी निदान केलं, रीजन कोड. इंटरनेटवरून त्या मॉडेलचा गुप्त आकडा शोधला, रिमोटवर दाबला, प्लेअर सगळ्या जगासाठी खुला झाला. डिस्क तरीही चालेना. काकांनी कुलूप बरोबर उघडलं होतं, फक्त ते भलत्याच दाराचं होतं.

तुमच्या फोनवर जगातला कुठलाही व्हिडिओ चालतो, त्यामुळे हे ऐकायला विचित्र वाटेल. पण तेव्हा दोन कुलपं होती.

पहिलं विजेचं. अमेरिकेने १९४१ मध्ये टीव्हीचं मानक ठरवलं : ५२५ ओळी, सेकंदाला ३० चित्रं. ते ठरवणाऱ्या समितीच्या आद्याक्षरांवरून त्याचं नाव पडलं एनटीएससी. तीसच का? तर तिथली वीज सेकंदाला ६० वेळा हेलकावते. त्या काळच्या टीव्हीत विजेची गुणगुण चित्रात झिरपायची. चित्राचा वेग विजेशी जुळला तर तिचा पट्टा निदान एका जागी थांबायचा. नाही जुळला तर पडद्यावर सरकत राहायचा. युरोपात वीज ५० हर्ट्झची, म्हणून तिथे २५ चित्रं आणि पुढे ६२५ ओळी.

मग रंग आला. १९५३ मध्ये अमेरिकेने रंगाची माहिती जुन्याच सिग्नलमध्ये खुबीने कोंबली, म्हणजे लोकांना घरचे ब्लॅक अँड व्हाइट संच फेकून द्यावे लागू नयेत. विचार चांगला होता, पण वाटेत सिग्नल जरा हलला की माणसांचे चेहरे हिरवट नाहीतर जांभळट. एनटीएससी म्हणजे 'नेव्हर ट्वाइस द सेम कलर', असा इंजिनिअर लोकांचा विनोदच होता. जर्मनीत टेलिफुंकेन कंपनीच्या वाल्टर ब्रुखने यावर फार सुंदर तोड काढली. रंगाच्या सिग्नलचा एक भाग दर एका ओळीआड उलटा पाठवायचा. एका ओळीत रंग एकीकडे ढळला तर पुढच्या ओळीत तेवढाच विरुद्ध बाजूला ढळतो, आणि दोन्हींची सरासरी काढली की चूक चुकीला खाऊन टाकते. हीच पाल पद्धत. १९६७ मध्ये ती पश्चिम जर्मनीत सुरू झाली. त्याच वर्षी फ्रान्सने स्वतःची तिसरी पद्धत आणली, सेकाम. (त्यात तंत्रापेक्षा अस्मिता किती, हा वेगळा लेख होईल.) आपल्याकडे १९८२ मध्ये एशियाडच्या निमित्ताने रंगीत टीव्ही आला. वीज ५० हर्ट्झची, म्हणून आपणही पालवाले.

डीव्हीडी डिजिटल, म्हणजे हे भांडण तिथे मिटायला हवं होतं. पण डिस्क अखेर त्याच टीव्हींवर दिसायची होती. त्यामुळे पालवाल्या डिस्कवर ५७६ ओळी आणि २५ चित्रं, एनटीएससीवर ४८० ओळी आणि ३० च्या जरासं खाली.

दुसरं कुलूप मात्र मुद्दाम लावलेलं. डीव्हीडी १९९६ मध्ये जपानात आणि १९९७ मध्ये अमेरिकेत आली. तेव्हा सिनेमा आधी अमेरिकेत लागायचा आणि इतरत्र काही महिन्यांनी. डिस्क थिएटरच्या आधी पोचली तर धंदा बुडेल, म्हणून जगाचे सहा तुकडे केले गेले. अमेरिका एक, युरोप आणि जपान दोन, भारत पाचव्यात, रशिया आणि बहुतेक आफ्रिकेबरोबर. विजेच्या कुलपाबद्दल मला राग नाही, ते कुणाला अडवायला कुणी घडवलं नव्हतं. पैसे मोजून घेतलेली डिस्क कुठल्या देशात बघायची हे विकणाऱ्याने ठरवावं, याचा मात्र अजून येतो. २००९ मध्ये ओबामांनी ब्रिटनचे पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांना २५ अमेरिकी सिनेमांच्या डीव्हीडी भेट दिल्या. त्या ब्रिटनमधल्या प्लेअरवर चालत नाहीत, ही बातमी तिथल्या पेपरांनी चवीने छापली.

आमच्या डिस्कवर रीजन कोड नव्हताच; साताऱ्याचा शूटिंगवाला जगाचे तुकडे कशाला करेल? ती होती पाल, आणि आत्याचा प्लेअर फक्त एनटीएससी ओळखणारा. आमच्या घरचा स्वस्त चिनी प्लेअर दोन्ही गिळायचा, त्यामुळे असं काही होईल हे आम्हाला सुचलंच नाही. आत्याचा गोंधळ आणखी वेगळा. इंडियन स्टोअरमधल्या हिंदी सिनेमांच्या डिस्क तिच्याकडे मजेत चालायच्या. त्या परदेशातल्या गिऱ्हाइकासाठी एनटीएससीत आणि सगळ्या रीजनसाठी काढलेल्या असायच्या, हे तिला कोण सांगणार? मग आपलीच डिस्क खराब निघाली, असं तिने मनाशी धरलं. दुसरी मागवली तर बाबांना वाईट वाटेल, म्हणून फोनवर खोटं बोलली.

माझ्याकडे लॅपटॉप होता. त्याच्या पडद्याला ना ५० चं बंधन, ना ६० चं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून डिस्क घातली आणि दोन सेकंदांत साताऱ्याचं कार्यालय दिसायला लागलं. काका खुर्ची ओढून बसले. औक्षण, पंगत, आहेर, सगळं आत्या उभ्यानेच बघत होती. शेवटी आजोबा आले. चष्मा काढून पुसला, परत लावला.

"बेबी, हे सगळं तुझ्यासाठी केलंय बघ. तिकडे दिसतंय का नीट, तेवढं कळव."

आत्या म्हणाली, "जरा मागे घे रे."