मधमाशी कोणत्या खात्याची?

आपल्या देशात मधमाशी शासनाच्या नजरेत भरली ती मधामुळे. तिच्यामुळे पिकाला धरणारे फळ मात्र फार उशिरा हिशेबात आले. या क्रमाची किंमत दक्षिण भारताने मोजली आहे.

पूर्वी मध जंगलातून येई. धूर करून पोळे काढीत व पिळून घेत. त्यात अळ्याही नष्ट होत. १९११ ते १९१७ या काळात फादर न्यूटन यांनी दक्षिणेत सातेरी माशीला योग्य अशी लाकडी पेटी तयार करून ग्रामस्थांना प्रशिक्षण दिले. १९२८ साली शाही कृषी आयोगाने मधमाशीपालनाची जोडधंदा म्हणून शिफारस केली. स्वातंत्र्यानंतर हे काम खादी-ग्रामोद्योगाकडे गेले. १९५३ मध्ये अखिल भारतीय मंडळ, १९५७ मध्ये आयोग आणि १९६२ मध्ये पुण्यात केंद्रीय संशोधन संस्था स्थापन झाली. मधमाशी अशा रीतीने ‘उद्योगा’ची झाली. पेट्या किती, मधपाळ किती, मध किती किलो, हीच तिची मोजदाद.

१९९१-९२ मध्ये केरळ, कर्नाटक व तमिळनाडूत थाई सॅकब्रूड या विषाणूजन्य रोगाची साथ आली. हा रोग १९७६ मध्ये थायलंडमध्ये आढळला होता व १९७८ पर्यंत ईशान्य भारतात पोहोचला होता. यात अळी कोशात जाण्यापूर्वीच मरते आणि तिची पाण्याने भरलेली पिशवी होते. नवी पिढी न निपजल्याने वसाहत ओस पडते. औषध नव्हते. दक्षिणेतील सातेरीच्या ९० टक्क्यांहून अधिक वसाहती नष्ट झाल्याचे सांगितले जाते. कन्याकुमारी जिल्ह्यातील मार्तंडमपासून कोडगूपर्यंत घरोघरच्या पेट्या रिकाम्या झाल्या.

मधाचा तोटा किलोंत मांडता आला. पण वेलदोड्याच्या फुलाला फळ धरण्यासाठी मधमाशी लागते. रोबस्टा कॉफी स्वतःच्या परागाने फळत नाही. वाऱ्याबरोबर मधमाश्याच तिचे पराग एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. या सेवेचा तोटा मांडायला ग्रामोद्योगाच्या तक्त्यात रकानाच नव्हता. ज्याची पेटी गेली तो मधपाळ नोंदीत होता. ज्याचे फळ कमी धरले तो शेजारचा शेतकरी नव्हता.

पुढे तग धरून राहिलेल्या वसाहतींपासून सातेरी हळूहळू सावरली. आठव्या योजनेत कृषी खात्याने पीक-उत्पादकतेसाठी मधमाशीपालन हाती घेतले. २००० साली राष्ट्रीय मधमाशी मंडळ स्थापन झाले आणि २०२० मध्ये तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांचे राष्ट्रीय अभियान मंजूर झाले. दृष्टी बदलली, हे निश्चित.

तरीही जिल्हा पातळीवर पेटी वाटणारा एक, फवारणीचा सल्ला देणारा दुसरा आणि आग्या माशीचे जंगल राखणारा तिसरा, अशी विभागणी सहज होते. पीक फुलोऱ्यात असताना फवारणी टाळावी. अगदीच अटळ असेल तर माश्या परतल्यावर, सायंकाळी करावी. या साध्या सूचनेला पैसा लागत नाही. तिघांनी एकत्र बसावे लागते. मधमाशी कोणत्याही एका खात्याची नाही, हे मान्य केल्याशिवाय तिचे रक्षण होणार नाही.