दोन मिनिटांची शिल्लक

ऑपरेशनच्या टेबलावर रुग्णाला भूल देण्याआधी भूलतज्ज्ञ त्याच्या नाकातोंडावर मास्क धरून तीनेक मिनिटं शुद्ध ऑक्सिजन देतो. त्यामागे साधा जमाखर्च आहे. नेहमीच्या हवेवर जगणाऱ्या माणसाच्या फुप्फुसांत ऑक्सिजनची शिल्लक असते चारशे-साडेचारशे मिलिलिटर आणि शरीराचा खर्च मिनिटाला अडीचशेच्या आसपास. श्वास थांबला तर दोनेक मिनिटांत खातं रिकामं. मास्कने ही शिल्लक आधीच काही पटींनी वाढवलेली असते, म्हणून घशात नळी घालायला सवड मिळते. 29 सप्टेंबर 2017 ला मुंबईत परळच्या रेल्वे पुलावर चेंगराचेंगरी झाली. ती सकाळ हाच हिशेब समोर ठेवून वाचावी.

35 वर्षं आधी
1982 चा गिरणी संप झाला, गिरण्यांचे भोंगे थांबले. पुढे ज्युपिटर, एल्फिन्स्टन या गिरण्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. गिरणीकामगार चाळीतून पायी कामावर जायचा. नवा नोकरदार विरार, कल्याण, डोंबिवलीहून लोकलने येऊ लागला. माणसं वाढली, पश्चिम रेल्वेचं एल्फिन्स्टन रोड आणि मध्य रेल्वेचं परळ यांना जोडणारा पादचारी पूल मात्र अरुंदच राहिला.

दीड वर्ष आधी, फेब्रुवारी 2016
रुंद पुलाची मागणी करणाऱ्या खासदार अरविंद सावंत यांच्या पत्राला तेव्हाचे रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांचं उत्तर आलं. निधीची चणचण आहे, पण मागणीचा सकारात्मक विचार सुरू आहे, असा त्याचा आशय. पुढे मंजुरी मिळाली, तरी पूल कागदावरच होता.

सकाळी नऊ
शुक्रवार, खंडेनवमी. दुसऱ्या दिवशी दसरा, त्यामुळे झेंडूचे भारे घेऊन जाणारे फूलवालेही ऑफिसच्या गर्दीत मिसळलेले.

दहानंतर
अचानक जोराचा पाऊस. एरवी पुलावरून उतरून पांगणारे लोक छत्री नाही म्हणून जिन्याच्या तोंडाशी थबकले. मागून लोकल येतच होत्या आणि दोन्ही स्टेशनांची माणसं त्याच पुलावर चढत होती. एका चौरस मीटरमध्ये सातेक माणसं झाली की गर्दी पाण्यासारखी हलू लागते, असं गर्दीचा अभ्यास करणारे सांगतात. मग कुणी कुणाला ढकलावं लागत नाही. मागची लाट पुढे येते, आणि पुढच्याच्या पायाखाली पायरी आहे की नाही हे मागच्याला दिसत नाही.

साडेदहाच्या सुमारास
कुणाचा तरी फुलांचा भारा पडला आणि ‘फूल गिर गया’ हे ‘पूल गिर गया’ असं ऐकू गेलं, असं एका जखमीने नंतर सांगितलं. हाक काहीही असो, जिन्यावर एकजण घसरला, त्याच्यावर दुसरा, मग थरावर थर.

पहिलं मिनिट
श्वास घ्यायचा तर बरगड्या वर उचलाव्या लागतात, छाती आणि पोटामधला पडदा खाली सरकावा लागतो. छातीवर दोन-तीन माणसांचं वजन असताना हवा बाहेर जाते, पण आत यायला जागा उरत नाही. ओरडलं की उरलीसुरली हवाही जाते. दाबाने छातीतलं रक्त उलटं डोक्याकडे ढकललं जातं. चेहरा जांभळा पडतो, डोळ्यांत रक्ताचे बारीक ठिपके उठतात. पॅरिसच्या गर्दीत चिरडून मेलेल्यांवर ही खूण ऑलिव्हिए या फ्रेंच डॉक्टरने 1837 मध्येच नोंदवून ठेवली होती.

दुसरं मिनिट
शिल्लक संपली. शुद्ध हरपते.

चौथं-पाचवं मिनिट
मेंदूच्या पेशी मरू लागतात. केईएम रुग्णालय तिथून जेमतेम किलोमीटर-दीड किलोमीटरवर. तिथे भूलतज्ज्ञ आहेत, व्हेंटिलेटर आहेत, अपघात विभाग चोवीस तास जागा असतो. पण थरातल्या सगळ्यात खालच्या माणसापर्यंत हात पोचायचा तर आधी वरचे सगळे उचलायला हवेत.

पहिला तास
रक्तस्राव झालेल्या जखमीसाठी पहिला तास सोन्याचा, असं ट्रॉमाचे डॉक्टर मानतात. केईएमने रक्तासाठी आवाहन केलं, जखमींवर उपचार सुरू झाले. पण मेलेल्यांपैकी बहुतेक गुदमरून गेले होते. त्यांचं घड्याळ तासाचं नव्हतंच.

दुपार
शवागारात मृतदेहांच्या कपाळांवर आकडे लिहिले गेले. शोधत आलेल्या नातेवाइकांची प्रेतांभोवती झुंबड होऊ नये, फोटोवरून ओळख पटावी, असं रुग्णालयाचं म्हणणं होतं. लोक संतापले. सकाळी घरून डबा घेऊन निघालेलं माणूस दुपारी एक आकडा झालं होतं. मृतांची संख्या 23 वर थांबली.

पाच महिन्यांनंतर, 27 फेब्रुवारी 2018
लष्कराच्या अभियंत्यांनी नवा पूल बांधून दिला. त्याच वर्षी एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं.

भूलतज्ज्ञाची सगळी हुशारी त्या आधीच्या तीन मिनिटांत असते. श्वास थांबल्यावर मास्क शोधायला निघणाऱ्याला कुणी भूलतज्ज्ञ म्हणणार नाही. लष्कराला पूल बांधायला 117 दिवस लागले. फेब्रुवारी 2016 च्या त्या पत्रापासून खंडेनवमीच्या सकाळपर्यंत असे 117 दिवस चारदा तरी येऊन गेले होते.