धन्वंतरी महालाच्या गावात एक दाढ

तंजावरच्या मराठ्यांवरच्या या मालेत किल्ले आणि लढाया बऱ्याच झाल्या. आज विषय दाढेचा. हसू नका, दाढ माझीच आहे.

गेल्या हिवाळ्यात तंजावरला होतो. बृहदीश्वराच्या भिंतीवरचा १८०३ सालचा मराठी शिलालेख पाहून बाहेर आलो आणि मुरुक्कू, म्हणजे तिकडची चकली, डावीकडून चावली. कट् असा आवाज झाला. खालची पहिली दाढ. १९८६ साली युनिटमध्ये असताना तिच्यात चांदी भरली होती, तिचीच एक भिंत तडकली. बारा वर्षांपूर्वी उजवीकडची जोडीदार अशीच तडकली, तेव्हा एका दवाखान्यात दुसरा पर्याय न सांगताच ती उपटून टाकली होती. तेव्हापासून सगळी भिस्त डाव्या बाजूवर. हीही गेली असती तर भाकरी बंद.

लॉजच्या मॅनेजरने जवळच्या दंतवैद्यांकडे पाठवले. बाई तंजावर मराठी घरातल्या निघाल्या. तमिळ शब्द पेरलेल्या मराठीत आधी माझे गाव विचारले, मग तोंड उघडायला सांगितले. तड मुळापर्यंत गेली नव्हती. दाढ वाचेल, रूट कॅनालही नको, पण पुन्हा चांदी नको, सिरॅमिक बसवू, असे त्यांनी सांगितले.

आता थोडे मागे जाऊ. ज्या गावात मी खुर्चीवर आडवा होतो, तिथे दुसरे सरफोजी राजे १७९८ ते १८३२ गादीवर होते. त्यांच्या धन्वंतरी महालात देशी वैद्यक आणि युरोपियन शस्त्रक्रिया शेजारी शेजारी नांदत. डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी, आजारी डोळ्याच्या रंगीत चित्रांसह, आजही सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. मला या राजाचे कौतुक वाटते ते यासाठी. राज्यकारभार इंग्रजांनी काढून घेतला, तरी माणूस रिकामा बसला नाही.

चिनी मातीचे दात साधारण राजांच्याच वयाचे. सरफोजींचा जन्म १७७७ चा. त्याआधी तीन वर्षे, १७७४ मध्ये, पॅरिसजवळच्या दुशातो नावाच्या औषधविक्याला आपल्या हस्तिदंती कवळीचा वीट आला. दुकानातल्या सगळ्या औषधांचे वास ती शोषून घेई. त्याने चिनी मातीची कवळी घडवण्याचा घाट घातला. दंतवैद्य दुबुआ द शेमाँ याने ती सुधारली आणि १७९१ मध्ये इंग्लंडात पेटंट मिळवले. १८०८ मध्ये फोंझी या इटालियनाने प्लॅटिनमची खुंटी असलेले सुटे दात केले. आणि १८२६ च्या सुमारास पॅरिसमध्येच तावोने चांदी आणि पारा कालवून पोकळीत भरायला सुरुवात केली. म्हणजे माती आणि चांदी, दोन्ही सरफोजींच्या हयातीतल्याच.

पण पुढची दीडशे वर्षे दाढ चांदीने राखली. कारण साधे आहे. चिनी माती दाब सोसते, ताण सोसत नाही, आणि दाढेवर दोन्ही येतात. १९०३ मध्ये डेट्रॉईटच्या चार्ल्स लँडने पोर्सिलेनची टोपी आणली (हा वैमानिक लिंडबर्गचा आजोबा, हे आमच्या हवाई दलातल्या मित्रांसाठी), पण ती पुढच्या दातांनाच शोभली. १९६५ मध्ये मॅकलीन आणि ह्यूज यांनी त्यात ॲल्युमिना मिसळून बळ आणले. झिर्कोनिया त्यानंतर आले. नावात धातू असला तरी तो ऑक्साइड आहे, म्हणून ‘धातूमुक्त’.

खरी कलाटणी मात्र चिकटवण्याने दिली. १९५५ मध्ये ब्यूनोकोरने दाताचे इनॅमल आम्लाने खरवडून त्यावर रेझिन पकडते हे दाखवले. चांदी दाताला चिकटत नाही, फक्त अडकते. त्यासाठी चांगला दातही आतून रुंद कोरावा लागतो, आणि उरलेल्या पातळ भिंती वर्षानुवर्षे चावताना फाकतात. माझी तशीच फाकली. तरी चांदीला शिव्या देणार नाही. ओल्या तोंडात, जनरेटरच्या उजेडात भरलेली ती सदतीस-अडतीस वर्षे टिकली. पाऱ्यामुळे मात्र तिचे दिवस भरले आहेत. २०१३ च्या मिनामाता करारात ती कमी करायचे ठरले, आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून अपवाद वगळता बंदच केली.

बाईंनी रबराचा पडदा लावून चांदी काढली, छोट्या कॅमेऱ्याने दाढेचे माप घेतले. १९८५ मध्ये झुरिकला सुरू झालेली ही पद्धत. लिथियम डायसिलिकेटचा ठोकळा यंत्राने कोरला गेला. तुकडा जांभळा! मी घाबरलो. भट्टीत आठशे अंशांच्या वर तापल्यावर तो दाताच्या रंगाचा होऊन आला. मग आम्ल, चिकटपट्टा, निळा प्रकाश, रंगीत कागद चावून उंचीची तपासणी.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात जाऊन ती डोळ्यांची चित्रे पुन्हा पाहिली. रात्री डायरीत लिहिले: वय ६६. खालची डावी पहिली दाढ. बाहेरची भिंत तडकली, मूळ शाबूत. वरून सिरॅमिकचे आच्छादन. दुखणे नाही. मुरुक्कू उद्या.